आखूड आतड्याचा आजार आणि चोथ्याची मात्रा

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत पणदरे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपण विहारात ग्रंथवाचन करतो, धम्मावर बोलतो. यंदा संस्थेने एक दिवस आरोग्यासाठी राखून ठेवला आणि तो आमच्याकडे सोपवला. आम्ही डॉक्टर नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारा माणूस आतड्यांवर काय बोलणार, असे काहींच्या मनात येईल. ते रास्तच आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगतो की, औषधाचा डोस कोणी येथून घेऊन जाऊ नये. तो डॉक्टरांनीच द्यावयाचा. येथून न्यावयाची ती विचार करण्याची रीत.

विनयपिटकातील महावग्गात चीवरक्खंधक नावाचे प्रकरण आहे. नावाप्रमाणे ते भिक्खूंच्या वस्त्रांविषयीचे. पण त्यात पोटाच्या विकाराच्या दोन कथा आहेत. पहिली जीवकाची. तक्षशिलेस सात वर्षे वैद्यक शिकून आलेला हा वैद्य राजा बिंबिसाराच्या पदरी होता. वाराणसीच्या एका श्रेष्ठीचा मुलगा कोलांट्या उड्यांचा खेळ खेळताना त्याच्या आतड्याला गाठ बसली. त्याला पेजसुद्धा पचेना. तो सुकला, फिका पडला, अंगावरच्या शिरा दिसू लागल्या. बिंबिसाराच्या आज्ञेने जीवक वाराणसीस गेला. लोकांची गर्दी हटवून त्याने पडदा लावला, मुलाला खांबाला बांधले आणि त्याच्या पत्नीला समोर उभे केले. मग पोट चिरून आतडे बाहेर काढले, हाच तुझ्या नवऱ्याचा रोग म्हणून तिला दाखवले, पीळ सोडवला, आतडे परत आत ठेवून पोट शिवले आणि लेप लावला. मुलगा बरा झाला.

या कथेत आजच्या शल्यविशारदालाही ओळखीचा वाटेल असा रोग आहे. आतड्याला पीळ पडला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत पीळ सुटला तर आतडे वाचते, जीवकाच्या रोग्याचे वाचले तसे. उशीर झाला तर ते काळे पडते, मरते आणि कापून काढावे लागते. रोग्याचा प्राण वाचतो. पण पुढे जन्मभर आखूड आतड्यावर जगावे लागते. इंग्रजीत याला शॉर्ट बॉवेल सिंड्रोम म्हणतात. आपण आखूड आतड्याचा आजार म्हणू.

आता थोडी शरीराची ओळख करून घेऊ. मोठ्या माणसाचे लहान आतडे साधारण सहा मीटर, म्हणजे वीस फुटांच्या आसपास लांब असते. अन्नातील बहुतेक सारे पोषण येथेच रक्तात जाते. त्याच्या पुढे सुमारे पाच फुटांचे मोठे आतडे. आपण दिवसाला दोन लिटरच्या आसपास द्रव पितो. पण लाळ, जठररस, पित्त वगैरे शरीरातलेच सहा-सात लिटर रस त्यात मिसळतात. हे आठ-नऊ लिटर पाणी लहान आतड्यात उतरते आणि त्यातले बहुतेक तेथे व मोठ्या आतड्यात परत शोषले जाते. शौचावाटे जेमतेम पेलाभर बाहेर पडते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रोज आठ-नऊ लिटर उसने काढायचे आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळे परत जमा करायचे. लहान आतडे दोन मीटरपेक्षा कमी उरले की हा जमाखर्च जुळेनासा होतो. जुलाब, अशक्तपणा, वजन उतरणे, पाणी व मीठ कमी पडणे ही त्याची लक्षणे होत.

कारणे अनेक आहेत. पीळ हे एक. आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे, अपघातात पोटाला मार बसणे, क्रोन नावाचा आतड्याच्या सुजेचा आजार ही इतर. आतड्याचा क्षय आपल्याकडे नवा नाही. त्यातही आतडे आवळून बंद पडले तर भाग कापावा लागतो. काही बाळे जन्मतःच आतड्याचा दोष घेऊन येतात. हा आजार कोणाच्या पापाचे फळ नव्हे, की कोणी केलेली करणी नव्हे.

हा विषय आम्ही का निवडला तेही सांगतो. आपल्याच समाजातील एका तरुणाचे, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, पीळ पडल्यामुळे बरेचसे आतडे काढावे लागले. लहान आतडे चार फुटांच्या आसपास उरले. मोठे आतडे शाबूत राहिले. घरी आल्यावर भेटायला माणसे येऊ लागली आणि प्रत्येकजण प्रेमाने सल्ला देऊन जाऊ लागला. एक म्हणाला, पोटाला चोथा पाहिजे, गव्हाचा कोंडा खा. दुसरा म्हणाला, चोथ्याचे नाव काढू नकोस, नुसत्या साबुदाण्याच्या पेजेवर राहा. तिसऱ्याने शक्ती येण्यासाठी उसाचा रस आणला. नीरा डाव्या कालव्याच्या या ऊसपट्ट्यात रसाला काय तोटा! पंधरा दिवसांत त्याचे डोळे खोल गेले, लघवी कमी झाली आणि सलाईनसाठी पुन्हा दवाखाना गाठावा लागला. सल्ला देणाऱ्यांत वाईट इच्छेचा एकही नव्हता. केवळ चांगल्या इच्छेने रोगी बरा होत नाही, त्यासाठी ज्ञानही लागते. धम्मात करुणेबरोबर प्रज्ञा सांगितली आहे ती याचसाठी.

मग खरे काय? चोथा खावा की खाऊ नये?

कोंडा खा, हा सल्ला कोठून आला ते आधी पाहू. डेनिस बर्किट हे आयरिश शल्यविशारद बरीच वर्षे युगांडात होते. तेथील खेड्यांतले लोक चोथा भरपूर खातात, त्यांना बद्धकोष्ठ आणि मोठ्या आतड्याचे अनेक विकार क्वचितच होतात, हे त्यांनी १९७० च्या दशकात जगापुढे जोरकसपणे मांडले. तेव्हापासून चोथ्याचे महत्त्व सर्वत्र पसरले. निरोगी माणसासाठी ते योग्यच आहे. आपली ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, शेवगा हे गरिबाचे अन्न त्या दृष्टीने श्रीमंतच म्हणायचे. परंतु वीस फूट आतड्यासाठी दिलेला सल्ला चार फूट आतड्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरे असे की, चोथा ही एकच वस्तू नव्हे. त्याचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिला, पाण्यात न विरघळणारा. गव्हाचा कोंडा, डाळींची टरफले, फळांच्या साली, पालेभाज्यांचे देठ. हा पाण्यात तसाच राहतो आणि अन्नाला पुढे ढकलतो. बद्धकोष्ठ असलेल्याला हे हवेच असते. पण ज्याचे अन्न आधीच घाईने पळते आहे त्याला ढकलणारा आणखी कशाला? दुसरा, पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा. इसबगोल, पिकल्या केळ्यातील व सफरचंदातील पेक्टिन, गवारीच्या बियांचा डिंक, ओट. हा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पातळ शौच घट्ट होण्यास मदत होते.

पण त्याचे मोठे काम वेगळेच आहे आणि ते मोठ्या आतड्यात चालते. चोथा माणसाला पचवता येत नाही, परंतु मोठ्या आतड्यातील असंख्य जंतू तो आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही साधी आम्ले तयार होतात. मोठे आतडे ती शोषून घेते, त्यांच्याबरोबर मीठ आणि पाणीही आत ओढले जाते. ब्युटिरिक आम्ल तर मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य अन्नच. लहान आतड्यातून न पचता निसटलेल्या भाताच्या, बटाट्याच्या पिष्टाचेही असेच होते. म्हणजे पुढच्या काउंटरवर बुडाली असे वाटलेली रक्कम मागच्या काउंटरवर काही अंशी वसूल होते. डेन्मार्कमधील डॉक्टरांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आखूड आतड्याच्या ज्या रोग्यांचे मोठे आतडे शाबूत होते, त्यांना स्निग्धाऐवजी पिष्टमय आहार जास्त दिल्यावर शौचावाटे वाया जाणारी शक्ती कमी झाली. ज्यांचे मोठे आतडे जोडलेले नव्हते त्यांच्यात तसा फरक पडला नाही.

तेव्हा चोथा खावा की नाही, याचे उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: रोग्याचे मोठे आतडे आहे काय, आणि ते लहान आतड्याला जोडलेले आहे काय?

ते असेल तर विरघळणारा चोथा, योग्य मात्रेत, उपयोगी पडू शकतो. ते नसेल, म्हणजे लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून पिशवी लावलेली असेल, तर आंबवण्याचा कारखानाच बंद असतो. तेथे इसबगोलाने पिशवीतील पाणी घट्ट दिसेल. पण घट्ट दिसणे म्हणजे शरीरातले पाणी-मीठ वाचणे नव्हे. रोजमेळ सुवाच्य अक्षरात लिहिला म्हणून शिल्लक वाढत नाही, तसेच हे. आणि आतड्यात कोठे आवळलेला भाग राहिला असेल, जो क्षयानंतर किंवा ऑपरेशनच्या जोडापाशी राहू शकतो, तर फुगणारा इसबगोल आणि जाड चोथा तेथे अडकून जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोलाचा डबा उघडू नये.

ढाका येथे लहान मुलांच्या रेंगाळलेल्या जुलाबावर एक अभ्यास झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. तांदळाच्या पेजेत शिजवलेले कच्चे केळे किंवा पेक्टिन घातले, तेव्हा नुसत्या पेजेपेक्षा जुलाब लवकर थांबले. त्या मुलांची आतडी आखूड नव्हती, म्हणून हा पुरावा आपल्या रोग्याला सरळ लावता येणार नाही. पण केळे आणि तांदूळ हे आपल्या घरचेच. महागड्या डब्यातच औषध असते असे नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आता मात्रेविषयी. ऑपरेशननंतर उरलेले आतडे हळूहळू काम वाढवते. त्याच्या आतील बारीक केसांसारखे अंकुर लांब होतात, शोषण सुधारते. ही प्रक्रिया वर्ष-दोन वर्षे चालू शकते, आणि ती चालण्यासाठी आतड्यातून अन्न जावे लागते. म्हणून भीतीपोटी उपाशी ठेवणे घातक. एकदम ताटभर वाढणेही घातक. दिवसातून सहा-आठ वेळा थोडे थोडे, बारीक चावून. मऊ भात, सालीशिवाय मुगाचे वरण, उकडून सोललेला बटाटा, दुधी, पिकलेले केळे, अंडे, चालत असेल तर मासा, यांपासून डॉक्टर व आहारतज्ज्ञ बहुधा सुरुवात करतात. नवा पदार्थ एका वेळी एकच, अगदी थोडा, आणि तीन-चार दिवस पाहून मग पुढचा. चोथाही तसाच. एकदम वाढवला तर पोट फुगते, वारा धरतो, आणि पोट भरल्यासारखे वाटून पोषणाचे अन्न मागे पडते. भाकरी कायमची बंद, असे नव्हे. तिची वेळ यावी लागते.

पाण्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. जुलाब होतात म्हणून तांब्याने पाणी पाजतात. परंतु आतडे फार आखूड असेल, विशेषतः मोठे आतडे नसेल, तर नुसते पाणी शरीरातले मीठ आतड्यात ओढून घेते आणि आत गेले त्याहून जास्त बाहेर येते. उसाचा रस, शीतपेये, साखरेचे सरबत यांतील साखरही पाणी ओढते. मीठ आणि ग्लुकोज ठराविक प्रमाणात एकत्र असले की आतडे ती दोन्ही मिळून आत घेते व पाणी त्यांच्यामागून जाते. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ साली बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीने आजारी असलेले असंख्य जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम लागते. ओआरएसच्या पुडीत हेच असते. आखूड आतड्याच्या काही रोग्यांना याहून जास्त मीठ लागते; किती, ते डॉक्टर सांगतील. पुडीवर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती विरघळवावी आणि घोट घोट घ्यावी.

आणखी तीन गोष्टी थोडक्यात सांगतो.

पहिली, बी-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषले जाते. तो भाग गेला असेल तर त्याची इंजेक्शने बहुधा जन्मभर घ्यावी लागतात. बरे वाटते म्हणून ती सोडू नयेत.

दुसरी, मोठे आतडे असलेल्या रोग्याला मूतखड्याचा धोका असतो. न पचलेले स्निग्ध पदार्थ कॅल्शियमला धरून बसतात आणि ऑक्झलेट नावाचे द्रव्य मोकळे होऊन मूत्रपिंडाकडे जाते. पालक, चुका, माठ, कडक चहा यांत ते भरपूर. हिरवी भाजी म्हणजे चांगलीच, हा नियम येथे चालत नाही.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. क्वचित असे होते की, साखर व पिष्ट एकदम जास्त गेल्यावर मोठ्या आतड्यातील जंतू डी-लॅक्टिक आम्ल तयार करतात. ते रक्तात चढले की रोगी बरळतो, झोकांड्या खातो, न पिता प्यायल्यासारखा दिसतो. वैद्यकाने माणसांत हा विकार १९७९ साली नोंदवला. अशा वेळी कोणी म्हणेल दारू प्याला, कोणी म्हणेल अंगात आले. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण उच्चारल्या आहेत. आपण अंगारा-धुपारा न करता त्याला तातडीने दवाखान्यात न्यावयाचे.

आता चीवरक्खंधकातील दुसरी कथा. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता, आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह विहाराची फेरी करीत असता त्यांनी ते पाहिले. तुझी शुश्रूषा कोण करतो, असे विचारल्यावर कोणीच नाही, हे उत्तर मिळाले. आनंदाने पाणी आणले, तथागतांनी ते ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. नंतर भिक्खूसंघाला बोलावून त्यांनी बजावले की, तुम्हाला आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची करावी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ही कथा आवर्जून घेतली आहे.

कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्या पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. तेथे बुद्धांनी शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले. त्याला औषध तयार करता यावे. काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळावे, आणि न मानवणारे त्याने दूर ठेवावे. तो लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणारा असावा. मलमूत्र, ओकारी काढताना त्याला किळस येऊ नये. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने त्याने रोग्याचे मन उभारावे. रोग्याचेही गुण तेथे सांगितले आहेत. त्यांत मानवणाऱ्या गोष्टीतही मात्रा ओळखणे आहे, आणि आजार वाढला, उतरला की तसाच आहे हे न लपवता सांगणे आहे. आजच्या विषयाचा गाभा हाच होय. चोथा चांगला की वाईट, असा प्रश्नच नाही. कोणाला, कोणता आणि किती, हा प्रश्न आहे.

तेव्हा आपण काय करावे? आम्ही चार कामे सुचवतो.

एक. रोग्याचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि त्यावर लहान आतडे किती उरले, मोठे आतडे जोडलेले आहे काय, हे लिहिलेले नसेल तर सर्जनकडून लिहून घ्या. बँकेच्या पासबुकाइतकेच ते मोलाचे आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यास ससून आहे. तेथे आहारतज्ज्ञाला भेटण्याचा आग्रह धरा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकेल हे आरोग्यमित्राला विचारा.

दोन. रोजची वही ठेवा. काय खाल्ले, काय प्याले, लघवी किती, शौच किती वेळा व कसे, आणि आठवड्याला एकाच काट्यावर वजन. लघवी दिवसाला लिटरभरापेक्षा कमी होऊ लागली तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे जा. आई-वडील शिकलेले नसतील तेथे ही वही विद्यार्थ्यांनी लिहावी. डॉक्टरांना दहा मिनिटांत जे कळत नाही ते वही सांगते.

तीन. वैशाखी पौर्णिमेला आपण खीरदान करतो. दूध आणि साखर ही अशा रोग्याला बहुधा मानवत नाहीत. तो नको म्हणाला तर वाटीभर खिरीने काय होते, असा आग्रह करू नका. त्याच्यासाठी मऊ भात बाजूला काढून ठेवणे हेही दानच आहे.

चार. हा रोगी सभेत बसत नाही, एस.टी.त बसायला घाबरतो, मजुरीवर जाताना लाजतो. कारण त्याला वारंवार शौचास जावे लागते. आपल्या विहारात नळ व कडी असलेले स्वच्छ शौचालय असले पाहिजे, आणि त्याकडे जाणाऱ्याकडे कोणी वळून पाहता कामा नये. संस्थेने यंदाच्या खर्चात ही बाब धरावी अशी आमची विनंती आहे.

शिरेतून पूर्ण पोषण देणे, आतड्याचे रोपण, नवी इंजेक्शने असे उपचार वैद्यकाने काढले आहेत. ते मोठ्या शहरात, मोठ्या खर्चाने होतात, आणि सर्वांनाच लागत नाहीत. वही, ओआरएसची पुडी, मऊ भात, केळे आणि किळस न करणारा माणूस मात्र प्रत्येक घरी असू शकतो. उपचार डॉक्टर करतील. शुश्रूषा आपल्या हाती आहे, आणि ती शिकून करावयाची असते.